नसीमला सापडलेला बोळ

ही गोष्ट माझ्याच बाबतीत घडलेली आहे. ऐकीव नाही, रचलेली नाही. विश्वास नाही ठेवलात तर मला बरंच वाटेल, कारण हिच्यात माझी बाजू काही चांगली नाही.

वीस जानेवारी १९८८. बुधवार. जागा कसबा पेठ. वेळ दुपारी दोनची.

हो, दुपारची. लख्ख उन्हातली.

तेव्हा मी कोथरूडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. नसीमबानू चित्रकला शिकवायची. माझ्याहून सात वर्षांनी लहान. मला हेमाताई म्हणायची. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी आम्ही दोघी नकाशे घेऊन बसायचो. पुण्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशाची झेरॉक्स मी खटपट करून मिळवली होती. नसीम तो ट्रेसिंग पेपरवर उतरवायची आणि आजच्या नकाशावर ठेवायची. कुठला ओढा बुजला, कुठला रस्ता सरकला, सगळं दिसायचं.

नकाशा मी आणला होता. हे लक्षात ठेवा.

पण सापडायचं सगळं तिलाच.

मी तासन्‌तास भिंग घेऊन बसायचे. ती चहा पिता पिता बोट ठेवायची, "हेमाताई, हे बघा." शहराच्या इतिहासाचं एक छोटं मंडळ होतं. तिथले दिगंबरराव तिला "शाब्बास" म्हणायचे. मला म्हणायचे, "तुम्हीही येत जा."

जळफळाट व्हायचा माझा.

त्या सोमवारी तिने असंच बोट ठेवलं. कसब्यात एक बारीक बोळ, त्याच्या टोकाला आडाचं गोल चिन्ह. आजच्या नकाशात तिथे सलग घरं.

"गुरुवारी जाऊन बघू या," ती म्हणाली. "रविवारी मंडळात मांडू."

मांडू म्हणजे ती मांडणार.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या खणातलं ट्रेसिंग उचललं आणि एकटीच बसने गेले. शोध माझ्या नावावर लागायला हवा होता. बाकी काही नाही.

दुकानं बंद. पेठ वामकुक्षी घेत होती. फक्त तांबटांचे हातोडे चालू होते. ठण्‌... ठण्‌... ठण्‌...

कोपऱ्यावरच्या देवळापासून मी पावलं मोजली. एकेचाळिसाव्याला समोर भिंत आली.

ट्रेसिंग उलगडून पुन्हा पाहिलं. मान वर केली...

बोळ होता.

जेमतेम खांद्याएवढा रुंद. मला भीती नाही वाटली, आनंद झाला. नसीमच्या आधी मी!

आत दहा पावलं गेले असेन...

हातोडे थांबले.

सगळे, एकदम. कावळा नाही, सायकलची घंटा नाही. माझ्या चपलांचासुद्धा आवाज येईना.

मग पुढून आला... कुईं... कुईं...

रहाटाचा.

बोळाच्या टोकाला आड होता. हिरव्या लुगड्यातली एक बाई पाठमोरी उभी राहून पाणी शेंदत होती. दोर वर येत होता... येतच होता... घागर काही दिसेना.

"दुसरी कुठंय?" तिने न वळता विचारलं.

"कोण दुसरी?"

"जिला सापडलं ती."

दुसरं कोणी तिथून पळत सुटलं असतं. मी काय म्हणाले माहितेय?

"दुसरी कोणी नाही. मीच शोधलं हे."

बाईने दोर सोडून दिला.

रहाट गरगर उलटा फिरला. मी वाट बघत राहिले... पाण्याचा आवाज आलाच नाही.

"मग जा," ती म्हणाली.

मी कशी बाहेर आले, आठवत नाही. हातोडे चालू होते. मागे वळले तर भिंत. चुना उन्हाने तापलेला.

बसमध्ये ट्रेसिंग उघडलं. नसीमने लाल शाईने काढलेला बोळ... नव्हता. खाडाखोड नाही, डाग नाही. घरी येऊन झेरॉक्स पाहिली. तिथेही सलग घरं.

दुसऱ्या दिवशी मी ट्रेसिंग गुपचूप तिच्या खणात ठेवलं. कसब्यात आम्ही दोघी गेलो. भिंतच होती. पण बोळाबद्दल नसीमने दिगंबररावांना आधीच सांगून ठेवलं होतं. रविवारी त्यांनी सर्वांसमोर मूळ नकाशा उघडला.

"कुठाय बोळ? बाई, हा चित्रकलेचा तास नाही."

सगळे हसले. नसीमने माझ्याकडे पाहिलं. माझा एक शब्द पुरला असता.

मी बशीतला चहा पीत राहिले. बरं वाटत होतं मला...

नसीमने नकाशे सोडले ते कायमचे.

गेल्या वर्षी मी तिला खराडीला, तिच्या मुलाच्या घरी भेटले. आता आम्ही दोघीही म्हाताऱ्या. न राहवून सगळं सांगून टाकलं.

"हेमाताई, मी मंगळवारीच जाऊन आले होते," ती म्हणाली. "तुमचे गुडघे दुखायचे. उगाच हेलपाटा नको म्हणून आधी बघून आले."



"त्या बाईंनी विचारलं, एकटीच आलीस? मी म्हटलं, आमच्या हेमाताईंना घेऊन येते, नकाशा त्यांनीच आणलाय. तेव्हा त्या वळल्या. माझ्या ओंजळीत पाणी घातलं. म्हणाल्या, तिला आणेपर्यंत इथे आल्याचं कोणाला सांगू नकोस."

"म्हणून मंडळात गप्प बसलीस?"

"तुम्हाला न्यायचं राहिलं होतं ना."

"दिसायला कशी होती गं ती?"

नसीम हसली. "ते नाही सांगता येणार."

तिला चेहरा दिसला होता. मला नुसती पाठ.

या वयात, एवढं सगळं झाल्यावरही, माझा पुन्हा जळफळाट झाला.

तेव्हापासून मी रिक्षा करून तीनदा कसब्यात गेले. भरदुपारी. भिंत ती भिंतच. गेल्या बुधवारी मात्र तिला हात लावला आणि...

हातोडे थांबले.

मी कान टेकवला. आत दोन बायका बोलत होत्या. शब्द कळत नव्हते. मग त्यातली एक हसली.

ते हसणं नसीमचं होतं.

मी तिला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला तिने उचलला. मागे तिच्या घरचा टीव्ही चालू होता.

"काय हो हेमाताई? एवढ्या उन्हात कुठे?"



भिंतीआड दोघी अजून हसतच होत्या... आणि मी कान काढला नाही.