कोलोननंतरची गाडी

तुळशीवृंदावन घेऊन ट्राममध्ये चढू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुठ्ठ्याचंच होतं, पण चांगलं माझ्या छातीपर्यंत उंच. नेदरलँड्समधल्या हेगच्या आमच्या मराठी मंडळाच्या एकांकिकेसाठी मी ते स्वतः रंगवलेलं. बाहेर भुरभुर पाऊस, रंग अजून ओला, आणि वारा असा की वृंदावन पुढे पळतंय आणि मी त्याच्या मागे. ट्राम आली, दार उघडलं... अर्धं वृंदावन आत, अर्धं बाहेर, आणि मी मध्ये अडकलेली. तेवढ्यात मागून कुणीतरी खालची बाजू उचलली, आणि अंगातला रेनकोट काढून थेट माझ्या तुळशीवर पांघरला.

"डांक यू वेल," मान न वळवता मी म्हणाले.

"आभार राहू देत. आधी तो डावा पाय आत घे, दार लागतंय."

मराठी! मी इतकी दचकले की वृंदावन हातातून सुटणारच होतं.

"तुम्ही... तू... मराठी आहेस?"

"मग वृंदावन घेऊन ट्रामला लोंबकळणाऱ्या मुलीशी काय डचमध्ये बोलू?" त्याच्या केसांतून पाणी ओघळत होतं आणि तो खुशाल हसत होता. "ओमकार. डेल्फ्टला पीएचडी करतो. सुचेताकाकूंनी लाइट्स करायला बोलावलंय. आणि तू स्वानंदी. तालमीला कुणी उशिरा आलं की चिडते ती."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांनीच."

मला धक्के खायची सवय नाही, हे इथंच सांगून टाकते. मी ठरवून जगणारी मुलगी आहे. पावसाचा अंदाज बघितल्याशिवाय मोजेसुद्धा निवडत नाही. आणि हा माणूस पहिल्याच भेटीत माझी तुळस कोरडी ठेवून स्वतः ओलाचिंब होऊन उभा होता... मी त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. रस्ताभर बघत होते.

त्यानंतरच्या प्रत्येक तालमीनंतर तो मला ट्रामपर्यंत सोडायला यायला लागला. सायकल हातात धरून, माझ्या चालीनं चालत.

"सायकल आहे तर बसून जा ना," मी म्हणायचे.

"जाईन की. तुझी ट्राम गेल्यावर."

"ही गेली बघ!"

"अरेरे, गेली? तुझंच लक्ष नव्हतं." आणि मग पुढची ट्राम येईपर्यंत आम्ही तिथंच, एका छत्रीत, खांद्याला खांदा लागू न देण्याची काळजी घेत उभे. काळजी मी घ्यायचे. तो नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याच्यापासून लपवली होती. त्याची ओळख व्हायच्या आधीच मी फ्रँकफर्टची नोकरी घेतली होती. मनासारखं काम, वरची जागा, वर्षानुवर्षं जिची वाट बघितली ती. आमची एकांकिका फ्रँकफर्टच्या मराठी मंडळात होणार होती. प्रयोग झाला की बाकीचे हेगला परतणार आणि मी तिथंच राहणार. मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. निरोपसमारंभ, रडारड, हातात श्रीखंडाचे डबे... नकोच ते! आणि ओमकारला? त्याला सांगायला मी तोंड उघडायचे, तो काहीतरी वेडंवाकडं बोलायचा, मी हसायचे, आणि सांगायचं राहून जायचं. खरं तर सांगायची हिंमतच नव्हती.

प्रवास ठरवायला सगळे सुचेताकाकूंच्या घरी जमले. काकू म्हणजे आमच्या मंडळाच्या सर्वेसर्वा. त्यांच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाल्ल्याशिवाय मंडळात कसलाच निर्णय होत नाही. मी लॅपटॉप उघडला.

"युट्रेक्टहून थेट फ्रँकफर्टची फास्ट गाडी. कोलोननंतर ती डोंगरातून सरळ मार्गानं जाते, तासाभरात फ्रँकफर्ट. बदलाबदली नाही, सामान चढवायचं-उतरवायचं नाही."

"छान," देवदत्तकाका म्हणाले. काका आमचे नायिकेचे वडील, नाटकातले.

"माझं दुसरं मत आहे," ओमकार म्हणाला. "कोलोनला उतरू. तिथून ऱ्हाइन नदीच्या काठाकाठानं एक गाडी जाते. बॉन, कोब्लेन्झ, माइन्झ. दुप्पट वेळ लागतो, पण खिडकीत सबंध नदी. द्राक्षांचे मळे, वळणावळणावर किल्ले. त्या फास्ट गाडीतून काय दिसणार? बोगदे आणि मोटरवे."

"किल्ले?" देवदत्तकाकांनी चमचा खाली ठेवला. "अरे, आम्ही राजगड चढलेली माणसं. नदीकाठी बसून दिसतो तो काय किल्ला?"

"आणि वळणावळणाची म्हणजे मला गाडी लागणार," काकू म्हणाल्या.

"वृंदावन दुसऱ्या गाडीत कोण चढवणार?" माझी मैत्रीण योगिनी. ती नायिका, त्यामुळे सामान उचलत नाही.

मी हात वर करायला सांगितले. फास्ट गाडीसाठी झाडून सगळे हात वर. नदीसाठी एकटा ओमकार, आणि त्यानं हात खालीच घेतला नाही.

"अरे, पुरे आता," मी हसत म्हणाले. "एवढं काय अडलंय तुझं त्या नदीवाचून?"

"नदीवाचून काहीच अडलेलं नाही." तो माझ्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच हसत नव्हता. "स्वानंदी फ्रँकफर्टहून परत येणार नाहीये. मला तिच्याशेजारी जरा जास्त वेळ बसायचंय... एवढंच."

काकूंच्या हातातला खिचडीचा डाव तसाच हवेत. योगिनीनं तोंडावर हात ठेवला. देवदत्तकाका एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे असे बघत राहिले. आणि मला लॅपटॉपवरची अक्षरं दिसेनाशी झाली.

"तुला... कुणी सांगितलं?"

"तू योगिनीला सायकल देऊन टाकलीस. या देशात माणूस सायकल देऊन टाकतो तो देश सोडतानाच. आणि फ्रँकफर्टहून परतायचा विषय निघाला की तू तो बदलतेस. मी वाट बघत होतो, तू सांगशील म्हणून."

"काय गं?" योगिनी ओरडली. "मला म्हणालीस नवी घेणार आहे म्हणून!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं इतकं जपलेलं गुपित, आणि त्याच्या मनातलं... सगळं चारचौघांत, खिचडीच्या ताटांवर सांडलं होतं. मी लॅपटॉप खाडकन मिटला.

"ठरलं. फास्ट गाडी," मी म्हणाले, आणि चपला घालून निघाले.

त्यानंतर तो ट्रामपर्यंत सोडायला आला नाही. बरं झालं, मी स्वतःला सांगितलं. ट्राम वेळेवर मिळायला लागली. तेही मला सोसेना.

प्रवासाच्या दिवशी युट्रेक्टला सगळे चढलो. बटाटेवड्यांचे डबे उघडले, भेंड्या सुरू झाल्या. ओमकार डब्याच्या पार टोकाला वृंदावन सांभाळत बसलेला. मी मुद्दाम पाठ करून बसले होते, पण काचेत तो दिसतच होता. आर्नहेम गेलं, सीमा गेली, आणि माझ्या हातातला वडा तसाच राहिला.

कोलोन आलं तसा तो उठला. खांद्याला सॅक लावून आमच्याजवळ थांबला, पण बोलला काकूंशी.

"काकू, वृंदावन तिथं घट्ट बांधलंय. मी इथून नदीकाठच्या गाडीनं येतो. प्रयोग तर उद्या आहे, आज संध्याकाळपर्यंत पोचतोच."

"अरे, पण एकटा?"

"एका डब्यात बसून न बोलणं मला जमत नाहीये, काकू." आणि तो उतरला.

मी खिडकीतून बघत होते. फलाटावर तो पाटीकडे मान वर करून उभा, वाऱ्यानं शर्ट फुगलेला. माझ्या मनात एकच आलं... आणखी तासाभरात फ्रँकफर्ट. मग प्रयोग, टाळ्या, सगळ्यांच्या निरोपाच्या मिठ्या, आणि हा माणूस माझ्याशी एक शब्दही न बोलता माझ्या आयुष्यातून निघून जाणार. वेळापत्रकाप्रमाणे. मीच ठरवलेल्या.

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. पाय माझेच होते, एवढं खरं. कुणाच्या तरी डब्याला धक्का लागला, काकूंचं "अगं, अगं, बाई!" कानावर आलं... आणि मी फलाटावर होते. मागे दार बंद झालं. वळून बघितलं तर खिडकीत देवदत्तकाका, आ वासलेला, तोंडात वडा. काकू दोन्ही हातांनी मला 'जा, जा' करत होत्या. गाडी हलली. तिच्यात माझी बॅग, माझा कोट, माझा लॅपटॉप. मी आयुष्यात कधी घड्याळ सोडून वागले नव्हते, आणि आता अंगावरच्या कपड्यांनिशी परक्या शहरात उभी होते. माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

"स्वानंदी?" ओमकारचा चेहरा पांढराफटक. "तुझी गाडी गेली!"

"दिसलं मला."

"मग... आता?"

"आता काय? दाखव तुझी नदी."

त्याची सॅक खांद्यावरून घसरली, तरी त्याला पत्ता नाही. आजवर सगळे धक्के मी खाल्ले होते. तो तसा उभा राहिलेला बघून मला फार बरं वाटलं.

नदीकाठची गाडी संथ निघाली. बॉन मागे पडलं आणि खिडकीत नदी आली. मोठी, करडी, मालवाहू बोटी अंगावर घेऊन रमतगमत वाहणारी. पलीकडच्या उतारावर द्राक्षांच्या ओळी, वर एक पडका बुरूज. मी बघतच राहिले. तो बघत नव्हता.

"अरे, बाहेर बघ ना. एवढा भांडलास तिच्यासाठी."

"हं," तो म्हणाला, आणि माझ्याकडेच बघत राहिला.

"मी अजून रागावलेय हं."

"रागवच. सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं माझं. पण जे बोललो ते चुकलं नाही."

गाडी एका वळणावर कलली आणि माझा खांदा त्याच्या खांद्याला टेकला. मी तो काढून घेतला नाही.

"ओमकार... मी फास्ट गाडीचा हट्ट का धरला, माहितीये?"

"सामान."

"सामान नाही, वेड्या. तुझ्याशेजारी इतका वेळ बसले असते, तर फ्रँकफर्टला उतरायचा धीरच झाला नसता मला. भीती वाटत होती. अजून वाटतेय. तू फक्त 'जाऊ नकोस' म्हण... मी नाही जाणार."

हे मी म्हणाले. मी! नोकरीच्या त्या पत्राची वर्षानुवर्षं वाट बघितलेली मी. आणि उत्तराच्या आशेनं त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मुळीच म्हणणार नाही," तो म्हणाला.

मला कुणीतरी गार पाण्यात ढकलल्यासारखं झालं.

"म्हणजे?"

"म्हणजे तू जायचंस. इतकं मनासारखं काम माझ्यापायी सोडलंस, तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही." त्यानं माझा हात हातात घेतला, अगदी सावकाश, मी सोडवून घेते की काय याचा अंदाज घेत. "मला तू हवी आहेस, स्वानंदी. हेगमध्येच हवी आहेस असं कुठं म्हणालो मी? पुढच्या शनिवारी येतो. त्याच्या पुढच्याही. तू कंटाळून नको म्हणेपर्यंत."

मी रडत होते की हसत होते, कोण जाणे. समोरच्या सीटवरच्या जर्मन आजी पुस्तक खाली ठेवून उघड उघड आमच्याकडे बघत होत्या. बघू देत.

"येशील खरंच?" मी डोळे पुसत विचारलं. "ही नदी बघत, किल्ले मोजत?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी भलतंच बोलले.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तू फ्रँकफर्टच्या स्टेशनवर उभी असणार, आणि मी इथं किल्ले बघत बसू?" त्यानं माझा हात आणखी घट्ट धरला. "फास्ट गाडीनं येणार मी. सगळ्यात फास्ट असेल तिनं."