शेजारच्या खुर्चीतली डबल बेल

घाबरू नका, गोष्टीची सुरुवात अगदी साधी आहे. गॅसचा सिलिंडर यायचा होता आणि घरात माणूस नव्हतं.

घर जया आत्याचं, मानपाड्याला, तिसऱ्या मजल्यावर. आत्या लेकीकडे ठाण्याला गेलेली. दर शनिवार-रविवार जाते. तिचे यजमान देवराम काका तीन वर्षांपूर्वी वारले तेव्हापासूनचा हा शिरस्ता. एकटीला घर खायला उठत असेल, असं सगळे समजून चालले आणि कुणी कारण विचारलं नाही. सिलिंडर नेमका शनिवारी दुपारी येणार म्हटल्यावर तिने कल्याणला भावाकडे फोन केला आणि भाचीला बोलावून घेतलं.

भाची म्हणजे रुचिता. वय चोवीस, वैमानिकाचं लायसन्स दोन वर्षं कपाटात. दोन वर्षं कुणी दारात उभं केलं नव्हतं आणि आता एकाच आठवड्यात दोन पत्रं आलेली. एक मालवाहू कंपनीचं. छोटं, एका इंजिनाचं विमान, मागे पार्सलं, पुढे वैमानिक एकच. दुसरं प्रवासी कंपनीचं. सत्तर आसनांचं विमान, कोल्हापूर, नांदेड, जळगाव, आणि डावीकडे कायम एक कॅप्टन बसलेला. दोघांनाही उत्तर शनिवारी पाचच्या आत हवं होतं.

घरात मतांना तोटा नव्हता. वडिलांचं, म्हणजे रवींद्ररावांचं म्हणणं, प्रवासी विमानच बरं, लग्नाच्या बायोडेटात शोभून दिसतं. आई शालन एवढंच म्हणायची, "एकटी कशी गं वर?" आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागायची.

खरी गोम रुचिताने घरात सांगितलीच नव्हती. विमानात दोघे असले की हँडल एका वेळी एकाच्याच हातात हवं. म्हणून देणारा म्हणतो, "यू हॅव कंट्रोल," घेणारा म्हणतो, "आय हॅव कंट्रोल," आणि मगच पहिला हात सोडतो. तिच्या शिकवणाऱ्या सरांनी हे कधी म्हटलंच नाही. दोनशे तास ते नुसतं हिसकावून घेत आले. त्याचा परिणाम असा, की शेजारच्या माणसाने हात जरा हलवला की हिचे हात आपोआप सुटायचे. प्रवासी कंपनीच्या परीक्षेत तर शेजारच्या कॅप्टनने चष्मा उचलायला हात पुढे केला आणि हिने अख्खं विमान त्यांच्या हवाली केलं. त्यांनी शेरा दिला, "सहकार्याची वृत्ती उत्तम." नोकरीही दिली. त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली होती.

शेजारी कुणी नसलं की हात सुटणार नाहीत, म्हणून तिला मालाचं विमान हवं होतं. आणि शेजारी कुणी नसलं तर चूक दाखवणारंही कुणी नाही, म्हणून त्याचीच धडकी भरत होती. आता कळलं ना, पोरीची झोप का उडालेली.

तर दुपारी दोनच्या सुमाराला ती आत्याच्या घरी पोचली. येताना एक फ्लेक्स गुंडाळून आणलेला. त्यावर त्या छोट्या विमानाची सगळी बटणं आणि घड्याळं होती. असा कागदी कॉकपिट भिंतीला लावून, समोर खुर्ची टाकून सराव करायची पद्धत आहे. कल्याणच्या फ्लेक्सवाल्याने कोपऱ्यात सवयीने "शुभेच्छुक : मित्र परिवार" छापलं होतं, तेवढं सोडलं तर हुबेहूब. तिने तो हॉलमध्ये चिकटवला, स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडल्या, डावीकडे बसली. उजवी रिकामी.

पंखा बंद केला, कारण फ्लेक्स फडफडत होता. खालची मुलं क्लासला गेली असावीत. सोसायटीचा पंपही थांबलेला. इतकी शांतता मानपाड्यात दुपारी नसते.

ती यादी मोठ्याने वाचू लागली. स्वतःच विचारायचं आणि स्वतःच उत्तर द्यायचं.

"फ्युएल?"

"ऑन."

"फ्लॅप्स?"

"सेट."

हळूहळू एक वास यायला लागला. डिझेलचा, तापलेल्या रेक्झिनचा आणि तंबाखू-चुन्याचा. मानपाड्यात वासाचं कुणी फार मनावर घेत नाही, कारखाने काय कमी आहेत? तिने खिडकी लावली. वास आतच होता.

"रेडी फॉर टेकऑफ," ती म्हणाली.

डोक्यावर दोरी ओढल्यासारखं काहीतरी करकरलं. मग... टिंग.

सिलिंडरवाला आला असेल म्हणून तिने दार उघडलं. जिना रिकामा होता. परत येऊन बसली, यादी पुन्हा वाचली आणि म्हणाली, "रेडी फॉर टेकऑफ."

करकर... टिंग.

आवाज उजव्या खुर्चीच्या वरून आला होता. तिथे नुसतं छत होतं. तिच्या मानेवर काटा आला, तरी शिस्त मोठी वाईट. तिने यादीवरून बोट फिरवलं. वरून तिसरी ओळ तिने दोन्ही वेळा गाळली होती. दारं.

"डोअर्स?" तिने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "क्लोज्ड..."

टिंग टिंग.

देवराम काका कल्याण डेपोत एकतीस वर्षं एसटीचे कंडक्टर होते, हे तिला त्या क्षणी आठवलं. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आणि दार उघडं असताना काकांनी जन्मात कधी डबल दिली नव्हती.

तिने उजवीकडे पाहिलं नाही. पण खुर्चीचं प्लास्टिक कुणीतरी बूड टेकल्यासारखं कुरकुरलं आणि... झालं! शेजारी कुणीतरी आहे म्हटल्यावर तिच्या हातांनी ठरल्याप्रमाणे दगा दिला. ते मांडीवर येऊन पडले आणि तोंडातून आपोआप निघालं, "यू हॅव कंट्रोल."

क्षणभर काहीच झालं नाही. मग बेल सुरू झाली. टिंग टिंग टिंग टिंग टिंग... थांबेचना! खुर्ची थडथड करत मागे सरकली. फ्लेक्सचा एक कोपरा सुटून लोंबू लागला. भुताला पाहून माणूस घाबरतं हे आपण ऐकलेलं आहे. इथे भूतच पार गर्भगळीत झालं होतं. एकतीस वर्षांत ज्याने स्टिअरिंगला बोट लावलं नाही, त्याच्या हाती या पोरीने विमान दिलं होतं.

"अहो काका... अहो थांबा!" रुचिता ओरडली. आणि लोंबत्या फ्लेक्सवर दोन्ही हात दाबून, आयुष्यात पहिल्यांदा, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आय हॅव कंट्रोल!"

बेल थांबली. कुणीतरी हुश्श केल्यासारखी हवा हलली. मग अगदी हळू, समजूतदारपणे, टिंग टिंग.

तिला भीती वाटत होतीच, पण भीतीपेक्षा रडू जास्त येत होतं. शेजारी बसून हँडल नको म्हणणारा माणूस तिला पहिल्यांदा भेटला होता, आणि तोही मेल्यावर.

तेवढ्यात दारावर धाडधाड झाली. ती किंचाळली.

"गॅस, ताई!" बाहेर सिलिंडरवाला बंटी उभा होता. सिलिंडर त्याने उंबऱ्याबाहेरच टेकवला.

"आत ठेव ना रे."

"आत नाय येत ताई मी. मागच्या टायमाला आलेलो, तर मागून कोणतरी बोललं, मधे उभे राहू नका, पुढे सरका." त्याने कॉलरने तोंड पुसलं. "आत्या तर किचनमधे होत्या. तुम्ही सही करा, मी सुटतो."

रुचिताने सिलिंडर एकटीने ओढत आत नेला. मग आत्याला फोन लावला.

"आत्या, इथे... घरात बेल वाजते का गं?"

"तुलापण ऐकू आली? अगं बाई! मला वाटलेलं माझेच कान वाजतायत. दुपारी जरा डोळा लागला की डबल बेल. मी दर शनिवारी ठाण्याला काय हौस म्हणून जाते?"

"तू कुणाला बोलली नाहीस?"

"काय बोलू? नवरा सोडत नाही? लोक म्हणतील, नशीबवान आहेस. का गं, त्रास दिला का तुला?"

"नाही गं. मी दार विसरलेले, त्यांनी सांगितलं."

"मग घेऊन जा बाई त्यांना. खरंच सांगते. निवृत्त झाल्यापासून माणूस गाडीविना तळमळत होता. फक्त एक सवय वाईट. मुरबाडच्या पुढे, जिथे घर नाही, झाड नाही, तिथे मधेच सिंगल मारायचे. गाडी थांबायची. ड्रायव्हर विचारायचा, कोण आहे? हे आपले म्हणायचे, चढले. आणि डबल. डेपोत तक्रार झालेली."

"कोण चढायचं?"

"मी नाही कधी विचारलं," आत्या म्हणाली. "तू पण नको विचारूस."

साडेचार वाजले होते. रुचिता दोन्ही पत्रं मांडीवर घेऊन बसली. आता हात सुटणार नाहीत, हे तिचं तिला कळलं होतं. ती कुठेही गेली असती तरी चाललं असतं. पण प्रवासी विमानात दोन्ही खुर्च्या भरलेल्या असतात. मालाच्या विमानात एक रिकामी असते. पाचला दहा कमी असताना तिने उत्तर पाठवलं आणि आईला फोन केला.

"एकटी कशी गं वर?" आईने विचारलंच.

"एकटी नाही गं आई," रुचिता म्हणाली. आईला वाटलं, पोरगी धीर देतेय.

तीन महिन्यांच्या ट्रेनिंगनंतर तिची पहिली स्वतंत्र फेरी आली. सकाळी साडेसहा. एका छोट्या गावाचा विमानतळ, कडेला गवत, मागे जाळीखाली बांधलेली पार्सलं. तिने दार स्वतः लावलं, दोनदा ओढून पाहिलं. धावपट्टीच्या टोकाला विमान उभं केलं आणि यादी मोठ्याने वाचली. एकही ओळ गाळली नाही. तंबाखू-चुन्याचा वास आला तेव्हा तिला अगदी घरच्यासारखं वाटलं.

"रेडी फॉर टेकऑफ, काका."

करकर... टिंग.

एकच.

तिने पुन्हा पाहिलं. दार बंद, दार उघडं असल्याचा दिवा विझलेला. फ्युएल, फ्लॅप्स, सगळं ठीक. रेडिओवर टॉवरने विचारलं, का थांबलात? "एक मिनिट," ती म्हणाली. बाहेर गवताशिवाय काहीच नव्हतं. घर नव्हतं, झाडही नव्हतं.

मग विमानाची शेपटी किंचित खाली बसली. बसच्या पायरीवर कुणी पाय ठेवला की बस बसते, तेवढीच. एकदा... आणि लगेच पुन्हा एकदा...

टिंग टिंग.

आत्याने विचारू नकोस म्हणून बजावलं होतं, म्हणून तिने विचारलं नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून ती पुटपुटली, "आय हॅव कंट्रोल," आणि इंजिनाला पूर्ण जोर दिला. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा मागच्या अंधारातून, पार्सलांच्या पलीकडून, काकांचा शांत, सवयीचा आवाज आला.

"मधे उभे राहू नका... पुढे सरका."