न बुडणारं जहाज

दुपारी एक वाजता लेलँड पर्डी धापा टाकत हमरस्त्यालगतच्या व्हर्नाच्या कॅफेत शिरला. त्याची बायको नोरीन हरवली होती.

"तो सिमेंटचा डायनासोर बघत होतो दोघं. मी फोटो काढतोय तोवर ती घळीकडे गेली. दोन तास झाले!"

बाहेर ऑगस्टचं वाळवंट भट्टीसारखं पेटलेलं. व्हर्नानं आधी शेरीफला फोन केला, मग कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे टूसॉनची खासगी तपासनीस ऑगस्टा क्विन्ताना आपल्या भाच्याबरोबर, रूडीबरोबर, ॲपल पाय खात होती. एका दिवसाची सहल, एवढाच त्यांचा बेत होता.

रूडीनं काटा खाली ठेवला. या उन्हात बिनपाण्याचं माणूस किती टिकतं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"गाडी घेऊन गेली असेल?" ऑगस्टानं विचारलं.

"गाडी सकाळपासून तिथेच उभी आहे. किल्ली माझ्या खिशात."

सिमेंटच्या डायनासोरखाली ती निळी गाडी होती. गाडीच्या पोटाखाली दोन काळी पाखरं चोची बुडवून पाणी पीत होती. लेलँडनं त्यांना हाकललं.

चाकांवर पांढरी पूड होती. रूडीनं बुटानं खालची तांबडी माती उकरली. "काय हो, गाडी पिठात लोळवून आणलीत?"

"रस्त्यात लागली असेल," लेलँड तुटकपणे म्हणाला. "त्या सापवाल्याला धरा आधी! सकाळी नोरीनशी भांडला तो."

सापांचा खेळ करणारा बून पिंजऱ्यापाशीच सापडला.

"शिव्या दिल्या हो बाईंनी," तो म्हणाला. "सापाला पाणी ठेव, म्हणाल्या. ठेवलं. बरोबरच बोलत होत्या." ताटली भरलेली होती.

"नंतर दिसल्या?"

"नाही. त्यांची गाडीच गेली ना."

"खोटारडा!" लेलँड ओरडला.

व्हर्ना मात्र गोंधळली होती. "डायनासोरची तिकिटं दोन घेतली यांनी. दोन्ही फाडायला यांनीच दिली माझ्या हातात. म्हणाले, बायको मागून येतेय. ती काही मला दिसली नाही बाई."

एव्हाना शेरीफ येऊन पोचला होता आणि त्याची माणसं घळीत उतरली होती. लांबून नोरीनच्या नावाच्या हाका येत होत्या. रूडी पाण्याचा कॅन उचलून तिकडे वळला.

"थांब," ऑगस्टा म्हणाली. "शेरीफ, माणसं वर बोलवा. ती तिथे नाही."

"मावशी, वेळ जातोय!"

"म्हणूनच सांगते. रूडी, ती पाखरं कुठलं पाणी पीत होती?"

"गाडीखालचं. एसीचं."

"या उन्हात ते थेंब किती वेळ टिकतात? नुकती बंद झालेली गाडी पाखरं बरोबर ओळखतात. सकाळपासून उभ्या गाडीखाली काय असतं? धूळ. बून खरं बोलला. गाडी गेली होती. दोघं गेली, एक परत आला. आणि नसलेल्या बायकोचं तिकीट त्यानं काढलं, ती इथे होती असं वाटावं म्हणून."

लेलँड एक पाऊल मागे सरला. शेरीफनं त्याचा दंड धरला.

"पण गेली कुठे?" रूडीचा आवाज चिरकला.

"इथली माती तांबडी. चाकांना मीठ लागलंय. सकाळी कुठल्या पाटीला हसत होतास तू?"

रूडीला ती हमरस्त्यावरची पाटी आठवली. *या जहाजाला बुडायची भीती नाही.* सुकलेल्या खाऱ्या तळ्यात, प्रवाशांनी थांबावं म्हणून कुणीतरी आणून ठेवलेलं लोखंडी जहाज.

"उन्हाळ्यात बंद असतं ते," व्हर्ना पुटपुटली. "तापून आत भट्टी होते..."

"का केलंस रे?" शेरीफनं विचारलं. त्यानं लेलँडला बेड्या घातल्या.

"ते मागाहून विचारा," ऑगस्टा म्हणाली. "आधी पाणी घ्या. आणि कुलूप तोडायला काहीतरी."

पांढऱ्या तळ्यावर जहाज उन्हात थरथरत होतं. शिडीच्या तळाशी ताज्या चाकांच्या खुणा. वर डेकवर, आतल्या कोठीच्या झाकणाला नवं कोरं कुलूप.

रूडीनं हातांना ओला टॉवेल गुंडाळला आणि पान्यानं झाकणावर तीनदा ठोकलं. सगळे श्वास रोखून उभे राहिले. वाऱ्याखेरीज काही नाही. ऑगस्टानं डोळे मिटले.

मग आतून एक ठोका आला. अगदी हलका.

दुसरा अजून आलेला नाही. शेरीफ कुलपावर घाव घालतोय.