माशाअल्ला गिळला, त्याची गोष्ट

"पिवळी काच की निळी? लवकर ठरव, मृग वर आला!" छोटी मौजा वाळूवर उड्या मारत ओरडली.

"पिवळी! बिदिया गावातले रस्त्यावरचे दिवे ती बरोबर अडवते," अझ्झान ऐटीत म्हणाला आणि ती काच त्यानं कॅमेऱ्याच्या तोंडावर फिरवून बसवली.

मौजाची मोठी बहीण नसरा दुरूनच बघत होती. अझ्झान त्यांचा चुलतभाऊ. मृग कुठला न् रोहिणी कुठली, हे त्याला शिकवलं नसरानं, आणि कॅमेरा मिळाला त्याला! तोही साधासुधा नाही. मस्कतच्या कारागिरानं त्याचं पोट उघडून, लाल रंग अडवणारी आतली काच काढून टाकली होती. का, तर मृगातला तांबडा मेघ त्याला दिसावा! नसराच्या पोटात अशी आग पेटली होती की तिच्यावर अख्ख्या तांड्याची कॉफी उकळली असती.

"छान आहे हं कॅमेरा," ती म्हणाली. पुढचा, दृष्ट टाळणारा 'माशाअल्ला' मात्र तिनं मुद्दाम गिळला.

फोटो आला. अख्खा मृग गुलाबी चिखलात बुडालेला!

"ताई माशाअल्ला म्हणालीच नाही! दृष्ट लागली!" मौजा किंचाळली.

"तरीच!" अझ्झान उसळला. "उद्या इथल्या मुक्कामाची शेवटची संध्याकाळ. माझ्या कॅमेऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही! आणि शाळेत सगळ्यांना सांगणार, नसराची नजर वाईट आहे!"

नसराला रडूच आलं. कारण तिला स्वतःलाही शंका आली होती. जळत तर होतीच ना ती! पण मग दृष्ट एकाच बाजूनं कशी लागेल? लाली खालून, समोरच्या टेकडीमागून चढत होती. बिदिया तर पाठीमागे! आणि टेकडीमागे साधी काडीही पेटलेली दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आजोबा तंबूतल्या टीव्हीवर उंटांची शर्यत बघत होते. आवाज वाढवायला त्यांनी रिमोट दाबला, आणि शेजारी चालू असलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पांढरा ठिपका चमकला. नसरा चोरून बघतच होती!

"अझ्झान! रिमोटमधून उजेड निघतोय!"

"डोळ्यांना तर दिसत नाही!"

"तुझ्या कॅमेऱ्याला दिसतो! आतली काच काढल्यावर लाल रंगाबरोबर हाही आत शिरतो. टेकडीमागे असाच दिवा लपलाय!"

"आणि नसला तर?"

"तर जन्मभर मला वाईट नजरेची म्हण. चल!"

तिघं टेकडी चढली. पावलागणिक पडदा उजळत गेला. पलीकडे त्यांच्याच खमीसकाकांच्या उंटांचं कुंपण. खांबावर एक काळी डबी, तोंड थेट आभाळाकडे! आणि खाली सांडणी रीम कण्हत पडलेली. पिल्लाचे दोन पाय बाहेर आले होते!

"काका! धावा!" मौजा सुसाट सुटली.

खमीसकाका अनवाणी आले. अर्ध्या तासात पिल्लू वाळूवर धडपडत होतं.

"रीम गाभण आहे हे कुणालाच सांगितलं नव्हतं," काका ओशाळून म्हणाले. "तो शेजारचा मुसल्लम तिच्याकडे टक लावून बघतो. म्हणून अंधारात बघणारा कॅमेरा लावला. त्याचा दिवा कुणाला दिसत नाही म्हणे!"

"आणि वाऱ्यानं त्याची मान वर झाली, ते तुला दिसलं नाही?" मागोमाग आलेले आजोबा कडाडले. "दोन दिवस तारे राखत बसलास आणि सांडणी सोडलीस वाऱ्यावर!"

यावर रीम काकांच्या दाढीवर थुंकली. खोटं वाटत असेल तर दाढीला विचारा!

डबी खाली वळवली, तरी पडद्यावर वाळूवरून थोडी लाली उसळतच होती. दिवा विझवणार कसा? पिल्लावर लक्ष हवंच.

"आता निळी काच लाव," नसरा म्हणाली. "काचेच्या खोक्यावर लिहिलंय बघ, तांबडा रंग आत सोडते, पण न दिसणारा उजेडही ती अडवते. काल तू बिदियाचे दिवे बघून काच निवडलीस. आपला कॅमेरा काय काय बघतो, ते बघितलंच नाहीस!"

या वेळी मृग काळ्याभोर आभाळात लखलखला. मधला मेघ तर डाळिंबाच्या दाण्यासारखा!

"वा! कुणी काढला?" आजोबांनी विचारलं.

नसराच्या पोटातला निखारा पुन्हा फुलला. अझ्झाननं तिच्याकडे पाहिलं आणि जीभ चावली.

"बोट माझं, आजोबा. नजर नसराची!"

"शाबास पोरी! अशी नजर आपल्या घरात दुसऱ्या कुणाची नाही!"

"माशाअल्ला!" कालपासून गिळलेला शब्द नसराच्या तोंडून असा दणदणीत बाहेर पडला, की तिकडे मुसल्लमच्या तंबूत दिवा लागला...

आणि खमीसकाकांनी घाईघाईनं पिल्लावर आपली शाल टाकली!