ड्रमवरची मच्छरदाणी

“तिला सांग, चहा निवतोय,” ईश्वरप्पा म्हणाले.

ती, म्हणजे त्यांची लेक दानेश्वरी, समोरच्याच खुर्चीत बसली होती. बाप-लेकीच्या गुडघ्यांमध्ये एक स्टूल आणि त्या स्टुलावर तो निवणारा चहा, एवढंच काय ते अंतर. पण नऊ वर्षांच्या सवयीने ईश्वरप्पांनी मान वळवली ती बायकोकडे, आणि चन्नम्माने नुसती मान हलवली... कारण निरोप पोचवायला तिच्याकडे आता गळाच नव्हता.

परवाच तिच्या स्वरयंत्रावरची गाठ काढली होती. घशाच्या डॉक्टरांनी तपासताना विचारलं होतं, “मावशी, शाळेत शिकवत होता का? की भजनी मंडळ?” तेव्हा चन्नम्माने घोगऱ्या आवाजात खरं तेच सांगितलं, “न्हाई हो. आमच्या मालकांचं आन मुलीचं बोलणं न्हाई.” डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. हे कारण वैद्यकशास्त्रात बसत नसावं, पण गाठ मात्र होती. तीन आठवडे एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही, असा हुकूम झाला. आणि आईची सेवा करायला दानेश्वरी ओडिशातल्या प्रयोगशाळेतून रजा घेऊन सोलापूरला आली.

अक्कलकोटच्या मृत्युंजयशी ठरलेलं लग्न मोडून, लहान मुलांना होणाऱ्या मलेरियावर संशोधन करायला ती निघाली, तेव्हा सात रस्त्याजवळच्या याच घराच्या दारात ईश्वरप्पा म्हणाले होते, “डासांशीच सोयरीक करायची तर जा. माझ्याशी बोलाय येऊ नको.” दानेश्वरी लहानपणापासून आज्ञाधारक. ती बोलायला आली नाही.

त्यानंतर हा संसार चन्नम्माच्या गळ्यावरून चालला. फोनवर लेक म्हणायची, “अप्पांना सांग, हट्टीपणा कमी करा, बीपी वाढेल.” चन्नम्मा नवऱ्याला सांगायची, “तुमची तब्येत विचारत होती.” ईश्वरप्पा गुरगुरायचे, “तिला सांग, डासांनी जेवाय घातलं का आज?” चन्नम्मा फोनमध्ये म्हणायची, “जेवलीस का, विचारतायत.” दोन्हीकडच्या काटेरी शब्दांवरून मायेचा हात फिरवता फिरवता त्या माउलीचा गळा सोलवटून निघाला, पण शब्दांचा एक काटा तिने कधी पलीकडे जाऊ दिला नाही.

एक निरोप मात्र तिने मुळीच पोचवला नव्हता. त्याची आठवण आली की ती घासलेली भांडी घाईघाईने पुन्हा घासायला घेई.

आता ती मुकी, आणि घरात दोन तोंडं असून बोलणं बंद. ‘आपण उद्या डोळे मिटले, तर या दोघांच्या मधे बोलणार कोण?’ या विचाराने तिचं व्याकुळ हृदय रात्रंदिवस जळत होतं... आणि नवरा विचारत होता, भाजीत मीठ कमी आहे हे लेकीला खुणेने कसं सांगायचं.

चौथ्या दिवशी सकाळी दार वाजलं. महापालिकेच्या हिवताप विभागातला सोमशेखर घरोघरीचं साठवलेलं पाणी तपासत आला होता. दानेश्वरीने त्याला अगत्याने आत घेतलं, पण ईश्वरप्पा मागच्या दारात चौकटीला पाठ लावून आडवे उभे राहिले.

“मागं काय न्हाई.”

“काय न्हाई तर बघू द्या की अप्पा.”

“न्हाई त्यात काय बघायचं हाय?”

सोमशेखरला त्यांच्या पोटापुढून निसटायला जागा दिसली. तो तिथून आत गेला. न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक निळा ड्रम होता आणि त्याच्या तोंडावर चारी बाजूंनी दोरी आवळून, पाळण्यावर बांधावी तशी, मच्छरदाणी बांधलेली होती. बाजूने हात आत जाईल एवढी बाही शिवलेली होती. सोमशेखरने बॅटरीचा उजेड टाकला.

“अप्पा, यात अळ्या हायत.”

“हायत.”

“लई हायत.”

“मग. खायाला घालतो की.”

सोमशेखरच्या नोकरीत लोकांनी अळ्या नाकारल्या होत्या, शेजाऱ्यावर ढकलल्या होत्या, एकाने तर त्या तुळशीच्या आहेत म्हणून सांगितलं होतं. खायला घालणारा माणूस तो पहिल्यांदाच पाहत होता. “काय घालता?” त्याने हळूच विचारलं.

“ग्लुकोजचं बिस्कीट. चुरून.”

“ड्रम पालथा करावा लागंल, अप्पा.”

त्याने काठाला हात घातला मात्र, ईश्वरप्पांनी झेप घेऊन ड्रमला दोन्ही हातांनी मिठी मारली. सोलापुरात चादरींचं दुकान चालवून म्हातारा झालेला तो माणूस, ज्याने पोटच्या लेकीला निघताना जवळ घेतलं नव्हतं, तो प्लॅस्टिकच्या ड्रमला छातीशी धरून म्हणाला, “हात लावू नको. ते पोरीचे हायत.”

“अव्वा,” दानेश्वरी म्हणाली, “अप्पांना विचार, हे काय आहे?”

“चन्ना, तिला सांग...” ईश्वरप्पांनीही मान वळवली.

चन्नम्माने दोघांकडे पाहिलं, डोक्यावरून पदर ओढून पूर्ण तोंड झाकून घेतलं आणि भिंतीकडे वळून उभी राहिली. ईश्वरप्पांना बोलायला माणूस उरला नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

“सोमशेखर, तिला सांग...”

“अप्पा, मला अजून पुढची गल्ली बाकी हाय,” सोमशेखर म्हणाला.

मग ईश्वरप्पा ड्रमकडे पाहत, पण लेकीशी बोलले.

“चैत्रात तू फोनवर रडत व्हतीस. लाईट जाऊन तुझे सगळे डास मेले म्हणून. काम अडलं म्हणून. फोन स्पीकरवर व्हता.”

“मग?”

“मग काय. हितं डासांना काय कमी हाय?” ते पदराच्या दिशेने एकदा पाहून घेऊन पुढे म्हणाले, “कुरियरवाल्याकडं गेलतो. आत काय, विचारला. डास, म्हटलं. पाण्याचं पार्सल चालत न्हाई म्हणाला. म्हणून ठेवले. आज ना उद्या तू येशील, तवा नेशील म्हणून.”

दानेश्वरीची नजर ड्रमच्या त्या बाहीवर गेली आणि तिचा आवाज बदलला. “अप्पा, हात दाखवा.”

“कशाला?”

“दाखवा.”

त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत पुटकुळ्याच पुटकुळ्या. चन्नम्माही पदराआडून पाहत होती... उष्णता म्हणून दोन महिने याच हाताला ती खोबरेल चोळत होती.

“अंडी घालाय मादीला रक्त लागतं,” ईश्वरप्पा खालमानेने म्हणाले. “तूच सांगितलंस की. मोबाईलवर तुझं भाषण असतं त्यात.”

“तुम्ही माझी भाषणं ऐकता?”

“आवाज बंद करून बघतो. खाली अक्षरं येतात.”

दानेश्वरीने आपल्या कुडत्याची बाही वर केली आणि आपला हात बापाच्या हाताशेजारी धरला. तशाच पुटकुळ्या. “आमच्याकडचे डास निरोगी असतात, प्रयोगशाळेत वाढवलेले,” ती रडत रडत रागावली. “तुम्ही कुठलेही डास घरात घेऊन रक्त पाजता? काही झालं असतं तर?” मग वैज्ञानिकच ती, ओल्या डोळ्यांनीसुद्धा वाकून तिने ड्रममध्ये पाहिलं, आणि बराच वेळ वर आलीच नाही.

“अप्पा... हे मलेरियाचे नाहीत.”

“म्हंजे?”

“मलेरियाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडते. या डोकं खाली करून लटकल्यात. माझ्या काही कामाच्या नाहीत.”

ईश्वरप्पांनीही वाकून त्या पाण्यात पाहिलं.

“म्हंजे मी इतके दिवस परक्याची पोरं पोसली.”

दानेश्वरीला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातूनच हुंदका. बाप-लेक न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर शेजारी शेजारी बसले. सोमशेखरलाही मधे वाट नसल्याने बसावं लागलं.

“घरदार सोडून असं काय शोधतीस तू तितं?” ईश्वरप्पांनी विचारलं. नऊ वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता.

“एका घरातली दोन मुलं. दोघांना तोच ताप. एक उठतं, एक उठत नाही. ते का.”

ईश्वरप्पांना ते जुने दिवस आठवले. वळसंगच्या शेतावरच्या घरात, एकाच घोंगडीवर, दानेश्वरी आणि तिचा धाकटा भाऊ प्रभु तापाने फणफणत पडले होते. दानेश्वरी उठली. प्रभुचं नाव त्यानंतर या घरात कोणी घेतलं नव्हतं.

“मी तर निघतानाच निरोप दिला होता,” ती म्हणाली. “अव्वा, अप्पांना सांग, मी प्रभुसाठी जातेय.”

दोघांनी वळून पाहिलं. चन्नम्माच्या तोंडावरून पदर गळून पडला. तोच तो निरोप... प्रभु गेल्यावर अन्नावरची वासना गेलेला नवरा तिला आठवला होता, ते नाव ऐकून हा पुन्हा कोसळेल या भयाने तिची जीभ अडखळली होती, आणि नेमकं त्याच क्षणी जे सुचलं ते तिने सांगून टाकलं होतं.

“मला हिनं सांगितलं, पोरीनं स्वेटर घेतलाय,” ईश्वरप्पा सावकाश म्हणाले.

समजावून सांगायला चन्नम्माकडे आवाज नव्हता. तिने फक्त हात जोडले, आणि डोळ्यांतून इतकी वर्षं अडवलेलं पाणी घळाघळा वाहू लागलं. ईश्वरप्पांनी ते जोडलेले हात धरून खाली केले.

“बरं केलंस. तवा सांगितलं असतंस तर मी ऐकलो नसतो. स्वेटर तरी ऐकला.” मग लेकीकडे पाहून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो छातीवर घेऊन ते रोज दुकानाचं शटर उघडत होते. “मग कळलं का, आपला का न्हाई उठला?”

“पुन्हा पुन्हा ताप येऊन गेलेल्या मुलांच्या अंगात हळूहळू प्रतिकारशक्ती तयार होते. कायमची नाही, गाव सोडलं की विरत जाते. मी लहानपणापासून वळसंगला आजीकडे होते, तो पहिल्यांदाच आला होता. कदाचित तेवढंच असेल. छातीठोक नाही सांगता येत.” तिने त्यांच्या पुटकुळ्यांवरून अलगद हात फिरवला. “पण त्याला शेतावर नेलंत म्हणून दोष तुमचा नाही, अप्पा. पोराला आजीकडे नेणं हा गुन्हा नसतो.”

ईश्वरप्पांनी मान हलवली. मग त्यांनी उठून ड्रमचा एक काठ धरला, लेकीने दुसरा, आणि दोघांनी मिळून तो पालथा केला. सोमशेखरने भिंतीवर तपासणीची तारीख लिहिली आणि डोळे पुसत पुढच्या गल्लीत गेला.

तीन आठवडे संपल्यावर डॉक्टरांनी चन्नम्माला काहीतरी बोलायला सांगितलं. तिने स्वतःचं नाव सांगितलं. आवाज असा स्वच्छ आला की तिचा तिलाच परका वाटला. दानेश्वरी बाहेर बाकावर बसली होती. आईला बोलता येऊ लागलं की तिची परतीची गाडी होती.

“डॉक्टर,” चन्नम्मा हळूच म्हणाली, “बाहेर पोरीला अजून आठ दिवस मौन सांगा की.”

डॉक्टरांनी पुन्हा कागदावर काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी घरात कडाक्याचं भांडण लागलं. पाण्याच्या टाकीवर झाकण हवं, असं लेकीचं म्हणणं. मच्छरदाणी पुरते, असा बापाचा अनुभव. आवाज चढत गेले, शेजारची काशम्मा खिडकीतून डोकावून गेली, आणि शेवटी जुन्या सवयीने दोघंही एकदम वळले.

“अव्वा, अप्पांना सांग...”

“चन्ना, तिला सांग...”

चन्नम्माने अत्यंत करुण चेहऱ्याने गळ्याला हात लावला आणि मान हलवली. दोघं नाइलाजाने परत एकमेकांकडे वळले आणि जोरात भांडू लागले. तिने कडक भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर शेंगाचटणी घेतली, आणि ऐकत बसली.