दोन चाळीसचा भोंगा

सिस्टर आल्या तेव्हा भाऊजी नुकतेच आडवे व्हायच्या बेतात होते. दुपारची झोप म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं तरी सुख असावं, असं त्यांचं म्हणणं. पण वहिनी खाजगी तपासाची कामं घेत, आणि कुणी दारात उभं राहिलं की दिराला वही घेऊन बसावंच लागे.

"उद्या अकराला चौकशी आहे," सिस्टर म्हणाल्या. पन्नाशीच्या असतील. हात खरखरीत, डोळ्यांखाली काळं. "माझा परवाना जाणार. सव्वीस वर्षं नोकरी केली हो मी! आणि आता म्हणतात, ड्यूटीवर झोपले आणि माणूस गेला."

"झोपल्या होतात?" वहिनींनी सरळच विचारलं. त्यांना आडवळण कधी जमलंच नाही.

"नाही. म्हणजे... अकरा दिवस सगळे तेच म्हणतायत. आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."



हकीगत अशी. वॉर्डात बारा खाटा, प्रत्येकीशी ऑक्सिजन मोजणारं एक मशीन. आकडा फार उतरला की भोंगा वाजायचा. एरवी पडदा काळा. बटण दाबलं की 'टिक' व्हायचं आणि आकडा दिसायचा. भोंगा वाजत असताना तेच बटण दाबलं, तर तो गप्प व्हायचा. सात नंबरला एक म्हातारे शिंपी होते.

"रात्री दोन चाळीसला मी बटण दाबलं. टिक झालं, आकडा ठीक होता. टेबलाशी येऊन औषधांचे कागद लिहीत बसले. तीन पाचला परत गेले, बटण दाबलं, आणि भोंगा असा बोंबलला की मी दचकलेच! बघते तर आजोबांचे ओठ निळे." सिस्टरांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "आणि ही मशीनची नोंद."

कागदावर तीनच ओळी होत्या. दोन चाळीस, बटण. दोन चाळीस, भोंग्याला वाजण्याचा निरोप. तीन पाच, बटण.

"मशीनची कंपनी म्हणते, एकाच मिनिटातल्या नोंदी मागेपुढे होतात, दोन चाळीसला आधी भोंगा वाजला. मी बटण दाबून त्याचं तोंड बंद केलं आणि पेंगायला बसले."

भाऊजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. खरं सांगायचं तर त्यांनाही कंपनीचंच पटत होतं, पण बाईच्या तोंडावर कसं बोलणार? त्यांनी कागद वहिनींकडे दिला.

तासाभरात तिघं वॉर्डात होते. हॉस्पिटलचा वायरमन दिवा बसवत होता, तो शिडीवरूनच बोलला, "मी त्या रात्री तीनला आलो. तीन पाचला भोंगा वाजला, कानठळ्या बसल्या. धावत गेलो मी." मग त्याचं रडगाणं सुरू झालं. "या मशिनींनी वैताग आणलाय बघा. तीन-तीन दिवस बॅटरी चालायची. मंगळवारपासून अकराच्या अकरा रोज मान टाकतायत."

"अकरा?" वहिनींनी विचारलं.

"सात नंबरचं कंपनीनं सील केलंय ना."

"मंगळवारी इथे कोण आलं होतं?"

उत्तर सिस्टरांनी दिलं. "कंपनीच्या प्रोग्रामरबाई, नोंदी उतरवायला. मशीन दाखवायला मलाच बोलावलं होतं. दुपारभर होत्या. मी चहा दिला त्यांना."

वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी वहीत 'चहा' असं लिहिलं आणि आपण काय लिहिलं ते त्यांचं त्यांनाच कळेना.

तिथून तिघं मशीनच्या कंपनीत गेले. तिथले साहेब भेटल्याबरोबर सुरूच झाले. "मशीनच्या आतलं कर्नेल आम्ही स्वतः लिहिलंय!"

"ते काय असतं?" भाऊजींनी विचारलं.

"आतला मुकादम समजा. मशीनमधलं एकेक काम एकेका थ्रेडकडे, म्हणजे एकेका कामगाराकडे, असतं. एक ऑक्सिजन बघतो. एक आवाज करतो, टिकही तोच आणि भोंगाही तोच. हातात काम नसलं की थ्रेड झोपलेल्यांच्या यादीत नाव घालतो आणि झोपतो. काम आलं की कर्नेल यादी बघतं आणि त्याला उठवतं."

"आणि नाही उठवलं तर?"

"असं होत नाही. पूर्वी हा आवाजवाला दर सेकंदाला आपणहून उठून बघायचा, काम आलंय का म्हणून. फुकट बॅटरी खायचा! दोन महिन्यांपूर्वी मी ते काढायला लावलं. आता तीन दिवसांतून एकदा चार्जिंग. आजही जाऊन बघा."

प्रोग्रामरबाई पलीकडच्या खोलीत बसल्या होत्या. तिशीतल्या, नखं कुरतडलेली. सिस्टरांना पाहून त्यांनी मान खाली घातली.

"सात नंबरच्या नोंदी उतरवायला किती वेळ लागतो?" वहिनींनी विचारलं.

"पाच मिनिटं."

"मंगळवारी मशीनमध्ये काही बदल केलेत?"

"नाही, मॅडम."

"बरं. वॉर्डातली मशीन चार्जिंगला कधी लावायची?"

"रोज." बाई थबकल्या. "म्हणजे... लावलेली बरी."

वहिनी उठल्या. "चला बाई, साहेबांच्या खोलीत. जे बोलायचं ते एकदाच बोलू."

साहेब खुर्चीत, बाई दाराशी, सिस्टर भिंतीला टेकून. वहिनींनी तो कागद टेबलावर ठेवला.

"साहेब, तीन पाचला भोंगा वाजला, हे वायरमननं ऐकलंय. तुमच्या म्हणण्याप्रमाणे दोन चाळीसलाही वाजला. म्हणजे दोनदा. मग इथे निरोप एकच कसा?"

साहेबांनी कागद ओढून घेतला. तिन्ही ओळींवरून त्यांनी बोट फिरवलं.

"कारण तो एकदाच वाजला, तीन पाचला," वहिनी म्हणाल्या. "दोन चाळीसचा निरोप पंचवीस मिनिटं तसाच पडून होता."

"अहो, पण निरोप आला की कर्नेल उठवतंच!"

"कुणाला? झोपलेल्याला. आता आमच्या भाऊजींचं बघा. दुपारी आडवं व्हायच्या आधी ते टेबलावर नजर टाकतात. चिठ्ठी नाही, काम नाही. म्हणून वळतात पलंगाकडे. ते वळले, तेवढ्यात मी टेबलावर चिठ्ठी ठेवते आणि पलंगाकडे बघते. पलंग रिकामा. म्हणजे स्वारी जागी आहे, बघतील की! मी निघून जाते, आणि हे जाऊन आडवे होतात. काय हो भाऊजी, कोण उठवणार तुम्हाला?"

"कुणीच नाही," भाऊजी म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते खुर्चीतून उठलेच. "अरे देवा! सिस्टरांनी बटण दाबलं, टिक झालं. आवाजवाल्यानं बघितलं, आता काम नाही. झोपायला वळला, आणि नेमका तेव्हाच आकडा उतरला!"

"बरोबर. यादीत त्याचं नाव अजून लागलेलं नव्हतं, म्हणून कर्नेलनं कुणालाच उठवलं नाही. मग तो झोपला तो झोपलाच. तीन पाचला सिस्टरांनी पुन्हा बटण दाबलं, तेव्हा नव्या 'टिक'साठी त्याला उठवलं. उठून बघतो तर आधीचा निरोप समोर. तेव्हा कुठे तो बोंबलला."

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. "पण... इतकी वर्षं कधी झालं नाही."

"होत असेल. पूर्वी सेकंदाभरात तो आपणहून उठायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. तो पहारा तुम्ही काढलात. आधी यादीत नाव घालायचं, मग पुन्हा एकदा टेबल बघायचं आणि मगच झोपायचं, एवढाच क्रम हवा होता. पण मला खरा प्रश्न वेगळाच पडलाय. मंगळवारपासून अकरा मशीनच्या बॅटऱ्या रोज का संपतात? कुणीतरी तो पहारा परत बसवलाय. साहेब, तुम्ही नाही. तुम्ही अजून तीन दिवसांच्याच गप्पा मारताय. 'रोज' हा शब्द एकाच तोंडून आला, आणि पाच मिनिटांच्या कामाला दुपारभर थांबलेलंही तेच माणूस."

प्रोग्रामरबाई दाराला धरून उभ्या होत्या. "नोंद वाचल्या वाचल्या कळलं मला," त्या पुटपुटल्या. "दुसरा कुणी मरू नये म्हणून..."

"मला का नाही सांगितलंस?" साहेब ओरडले.

"पहारा काढू नका म्हणाले होते मी. तुम्ही ऐकलं नाहीत. पण काढला माझ्याच हातांनी. घाबरले मी, साहेब. माझ्यावर येईल म्हणून."

"म्हणून माझ्यावर येऊ दिलंत?" सिस्टर भिंतीपासून पुढे आल्या. "माझ्या हातचा चहा प्यायलात तुम्ही त्या दिवशी. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

बाईंनी मान हलवली. माहीत होतं.

भाऊजींना वाटलं, आता सिस्टर त्या बाईंच्या थोबाडीत मारणार. मारलीही असती तरी त्यांनी अडवलं नसतं. पण सिस्टर टेबलाशी गेल्या, साहेबांच्या पुढ्यातला कोरा कागद आणि पेन उचललं आणि बाईंच्या हातात दिलं.

"उद्याच्या चौकशीसाठी लिहून द्या. तुमचं कर्नेल, तुमची यादी, सगळं लिहा. पण आधी लिहा, सिस्टर जागी होती. मग माझ्याबरोबर शिंप्यांच्या मुलीकडे चला. अकरा दिवस ती माझ्याकडे बघत नाहीये. तिला तुम्ही सांगायचं, मी नाही."

बाई खाली बसल्या. खूप वेळ पेन नुसतं हातात होतं. मग त्यांनी पहिल्या ओळीत तेवढंच वाक्य लिहिलं. सिस्टरांनी वाकून ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि तोंडाला पदर लावून तिथेच रडू लागल्या.