सोडगंध

त्या खोऱ्यात आता बर्फ पडत नसे. पडायचा तो काचपाऊस. वरची हवा उबदार झाल्यामुळे हिमकण वाटेतच वितळायचे, पण जमिनीलगतची हवा मात्र शून्याखाली. मग ते थेंब ज्याला शिवतील त्याच्यावर क्षणात गोठायचे. तार, दगड, कोळ्याचं जाळं, सगळं चकाकायचं. दिसायला इतकं सुंदर की आ वासून बघत राहावं! देवदारांचे मात्र त्यात हाल. भुसभुशीत बर्फ त्यांच्या उतरत्या फांद्यांवरून घसरून जाई. काच घसरत नाही. ती साठत जाते, साठत जाते, आणि अख्खं झाड खोडातून मोडतं. हिमाचलातली कितीतरी जंगलं अशी एकेका दुपारी आडवी झाली होती.

हे जंगल उभं होतं ते डॉ. वारुणी सबनीस यांच्यामुळे. नाताळच्या सुट्टीत आईबरोबर आलेल्या मृण्मयीला, म्हणजे मनूला, या मावशीनं पहिल्याच दिवशी सगळं समजावलं होतं. पिकलं पान देठापाशी अलगद सुटतं, कारण तिथला पेशींचा एक थर सैल होतो. मावशीनं तसाच थर फांदीच्या सांध्यात आणला होता. ओझं फार झालं की झाड फांदी सोडतं आणि खोड वाचवतं. शिवाय पहिलं झाड हवेत एक वास सोडतं, म्हणजे शेजारची झाडंही आपापले सांधे सैल करून तयार राहतात. त्या वासाचं नाव सोडगंध. हे एखाद्या अगरबत्तीचं नाव वाटतं, असं म्हणून मृण्मयी खूप हसली होती.

आज हसण्यासारखं काही नव्हतं. सकाळी फोटो काढायला आई खालच्या निरीक्षण चौकीपर्यंत गेली, आणि काचपाऊस सुरू झाला. चौकीबाहेरच, सुटलेली एक फांदी तिच्या पायावर पडली. वॉकीटॉकीवर तिचा आवाज रडवेला झाला होता. पाय हलत नाही, बोटं बधिर झालीत, लवकर ये, आणि मनूला आणू नकोस. रस्ता बंद, मदतपथक उद्याशिवाय येणार नाही. उघड्यावर आई संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकली नसती.

मनू अर्थातच गेली. बुटांना खिळे लावून, कमरेला एकच दोर बांधून दोघी उतरू लागल्या. आजूबाजूला कडाड आवाज करत फांद्या सुटत होत्या. मग तो वास आला, राळ आणि कैरीच्या सालीसारखा.

"झाडं काय सांगतायत एकमेकांना?" मनूनं विचारलं.

"ओझं धरून बसू नका," मावशी खोल श्वास घेत कौतुकानं म्हणाली.

थोडं पुढे गेल्यावर दोर ताणला गेला. मावशी थांबली होती. चेहरा एकदम निवांत, जेवून अंगणात बसल्यासारखा.

"मनू, परत जाऊ या का?"

मनू मागे वळली. ती मावशीला गदागदा हलवत म्हणाली, की आई तिकडे पडलीय, तुला समजतंय का?

"अगं, समजतंय ना. सुचेता माझी सख्खी बहीण. आपण गेलो नाही तर ती मरेल." मावशी वर्गात शिकवताना बोलावं तसं बोलत होती. "हा वास आपल्या मेंदूवरही काम करतो बहुतेक. इथं आलं की मन हलकं होतं, असं पर्यटक म्हणतात ना, ते यामुळेच. मला सगळं कळतंय. फक्त ओढ वाटत नाही. फार रंजक आहे हे."

मनूनं मफलर नाकावर करकचून बांधला आणि दोर खांद्यावर घेऊन मावशीला अक्षरशः ओढायला सुरुवात केली. मावशी वाद न घालता मागून घसरत होती. मनू स्वतःशी बडबडत होती, आई, आई, आई, नाहीतर विसरायला होईल म्हणून. शेवटी झाडांमधून चौकीचं हिरवं छप्पर दिसलं. आता फक्त एक उतार.

तेवढ्यात वारा फिरला.

मफलरमधून वास आत शिरला आणि मनूच्या छातीतली धडधड कुणीतरी हलक्या हातानं काढून घ्यावी तशी गेली. किती बरं वाटलं! तिनं वर पाहिलं. काचेतून उजेड सांडत होता. आपण आईला आणायला निघालो होतो, हे तिला नीट आठवत होतं, भूगोलाच्या धड्यातलं वाक्य आठवावं तसं. तिनं दोर खाली ठेवला आणि वॉकीटॉकी काढला, कारण न सांगता जाणं तिला बरं दिसेना.

"आई, तुझ्या चौकीचं छप्पर दिसतंय आम्हाला. पण आम्ही आता परत चाललोय."

वारा आता खाली चौकीकडेच वाहत होता. मग आईचा आवाज आला. त्यात रडणं नव्हतं, घाई नव्हती.

"बरं," आई म्हणाली. "दोघी जेवून घ्या."